साक्षीदार क्रमांक दोन

मालवणच्या कचेरीत दत्तकपत्र सापडलं.
एकोणीसशे एक्याण्णव, वीस रुपयांचा स्टॅम्प,
कडांना वाळवी, मधोमध मी:
कु. निर्मला, वय वर्षे पाच.
"देणार" आणि "घेणार" असे दोन रकाने,
जमिनीच्या खतात असतात तसेच.
कारकून म्हणाला, नक्कल सोमवारी.

गॅल्व्हेस्टनच्या वकिलाची यादी पर्समध्ये.
मागच्या वर्षी हात वर करून शपथ घेतली,
तिकडची नागरिक झाले,
तर आता आईवडिलांना बोलावता येतं.
फक्त ते आईवडील आहेत हे दाखवायचं.
सोळाच्या आत दत्तक गेल्याचा पुरावा.
दोन वर्षं एका छपराखाली राहिल्याचा पुरावा.

काय जोडू?
दाराच्या चौकटीवर बाबाने जाळ्याच्या सुईने
ओरखडलेल्या माझ्या उंचीच्या रेघा?
मनगटावरचा डाग? बांगडे तळताना
आईने तवा ओढला आणि मी तिचा पदर.
शेवटी रेशनकार्ड जोडलं.
त्यावर मी तिसरी आहे,
आणि माझ्या वाटचं रॉकेलही.

बाबा पडवीत जाळं सांधत होता.
"स्पॉन्सर म्हंजे काय गो?"
हमी, मी म्हटलं. दोन माणसं पोसायची ऐपत आहे
असं मी सरकारला लिहून द्यायचं,
पगाराच्या पावत्या लावून.
त्याची सुई थांबली.
"तुका घेतलंव तेवा
होडयेचो हप्तो थकलेलो.
बरा झाला, आमका कोणी इचारूक नाय."

आईची चौकशी वेगळी.
थंय समुद्र आसा मां? आहे.
मासळी? कोळंबी, ट्रॉलर भरभरून.
कोण इकता? दुकानं विकतात. पिशवीत, बर्फात,
वजन छापलेलं.
"मगे मी काय करू थंय?"
यावर लावायला माझ्याकडे कागद नव्हता.

अर्जात आईसाठी चौकट एकच.
वकील फोनवर म्हणाला, विचार करून भरा,
कायद्याला एका वेळी एकच आई दिसते.
ही लिहिली की दुसरी
कागदावर तुमची कोणी नाही.
तिच्यासाठी पुढे अर्ज करता येणार नाही.

दुसरी म्हणजे सरू. सर्जेकोटात धक्क्याच्या अलीकडे,
आमच्यापासून चौथं घर.
चार मुलींवर मी पाचवी.
आईच्या ओटीत घातली तेव्हा म्हणे झोपले होते.
लहानपणी मी तिला सरूमावशी म्हणायचे
आणि ती ओ द्यायची,
जरा उशिराने.

नव्या प्रतिज्ञापत्राला दोन माणसं हवी होती,
जुन्या साक्षीदारांपैकी एकच उरलाय.
आईच म्हणाली, "सरूक इचार."

सरूने हात पुसले, पदराला नाही, भिंतीला.
साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही,
मोठी, शेवटचं अक्षर रेघेबाहेर पडणारी.
त्याआधी म्हणाली, "वाचून दाखय.
माझा नाव खंय आसा?"
मी बोट ठेवलं. साक्षीदार क्रमांक दोन.
"साक्षीदार म्हंजे?"
घडताना ज्याने बघितलं तो.
"बघलंय तर," ती म्हणाली.
"गडग्याआड उबी ऱ्हवान बघलंय."

खाडीवरून वारं सुटलेलं.
शाई वाळेपर्यंत तिने कागद पंजाखाली दाबून धरला,
मग आत जाऊन टोप घेऊन आली, तिसऱ्यांनी अर्धा भरलेला.
"तुझ्या आवशीक दी. सांग,
रेंव खूप आसा, रातभर पाण्यात ठेव."

चार घरांचं अंतर,
एका काखेत टोप, एका हातात कागद,
सांडू नये म्हणून पाय जपून.

रात्री मोरीत तिसऱ्या तोंड उघडून
हळूहळू वाळू टाकत होत्या.
आई दोनदा उठून पाणी बदलून आली.
तिसऱ्या वेळी मी उठले.