वरच्या शेतातले बटाटे

चिलोएच्या या टोकाला आरोग्याची लाँच
दोन महिन्यांतून एकदा येते,
तीही दर्या राजी असेल तर.
सोळा घरं, एक लाकडी चर्च
आणि शाळेच्या खोलीत माझं टेबल.
फळ्यावर कालची वजाबाकी तशीच.

दोन्या एदुविना समोर बसते.
मांडीवर टोपली, टोपलीत अंडी
लोकरीत गुंडाळलेली.
मी फॉर्म काढते. चार पानं.

वय?
एकाहत्तर. बाप नाव नोंदवायला उशिरा गेला,
म्हणजे जास्तच असेल, पण एकाहत्तर लिही.
त्रास काय होतो?
काही नाही.
कधीपासून?
पहिल्यापासूनच काही नाही.
घरात कुणाला हृदयविकार?
आमचे पुरुष समुद्रात गेले, पोरी.
हृदय दाखवायला कोण परत आलंय?
सिगारेट?
ती छातीवर क्रूस काढते.
मी 'नाही'वर खूण करते.

पहिल्या वर्षी मी इथेच थांबायचे.
म्हातारा रेमिहिओ प्रत्येक प्रश्नाला
"बरं आहे" म्हणाला
आणि मी सुवाच्य अक्षरात "बरं आहे" लिहिलं.
पुढच्या फेरीला त्याची बायको एकटीच आली,
त्याचं कार्ड परत द्यायला.
घडी न मोडलेलं.

तेव्हापासून मी पेन खाली ठेवते
आणि बटाट्यांचं विचारते.

वरच्या शेतातले काढले का यंदा?
ती अंड्यांकडे बघते.
यंदा नातू गेला.
आणि गेल्या वर्षी?
गेल्या वर्षी मीच की. बसत बसत.
कुठे कुठे बसलात?

मग ती बोटांवर मोजू लागते.
कार्देनास लोकांच्या कुंपणाशी,
मोडक्या सफरचंदापाशी,
आणि त्या दगडावर,
ज्यावर पूर्वी फक्त म्हातारे बसायचे.
त्याच्या आदल्या वर्षी नुसतं कुंपण.
त्याच्या आधी कुठेच नाही:
पाठीवर पोतं, एका दमात,
आणि वर शेजारणीशी भांडण.

मी लिहीत नाही. ऐकते.
एका चढणीवर
तिच्या छातीची तीन वर्षं
टप्प्याटप्प्याने बसलेली दिसतात.

ती शाल सावरते आणि खोलीभर वास पसरतो.
ओलं लाकूड, डुकराची चरबी, काजळी.
सकाळी चूल कोण पेटवतं तुमच्याकडे?
ती हसते. हसता हसता खोकते,
खोकला संपायची वाट बघते, मी पण बघते.
कोण पेटवणार? मीच.
सात वर्षांची होते, आईचा हात भाजला,
तेव्हापासून.
आणि चिमणी?
होती. वादळात उडाली.
नवरा बसवतो म्हणाला होता.
मग तोही राहिला.

फळ्यावरच्या वजाबाकीखाली मी मनात मांडते:
एकाहत्तर उणे सात.

फॉर्मला चूल माहीत नाही.
तो राजधानीत छापला गेला,
जिथे ऊब भिंतीतून येते.
'धूम्रपान: नाही' शेजारच्या समासात
मी बारीक अक्षरात कोंबते:
चूल, चौसष्ट वर्षं, चिमणी नाही.
सगळं अंगावर काढलेलं.

श्वास घ्या. सोडा. परत एकदा.
नळीतून ऐकू येतं,
भिजलेला ओंडका
पेटावं की न पेटावं म्हणत कुरकुरतोय.

झालं तुझं? ती विचारते.
आता मी विचारते.
तू सकाळपासून काय खाल्लंस?
कॉफी घेतली.
आणि काल?
मी ठीक आहे, दोन्या.
कधीपासून?

ती टोपली टेबलावर ठेवते, माझ्या पेनावरच,
लोकर उलगडते,
एक अंडं काढते, मग दुसरं,
आणि हात मांडीवर घेऊन बसून राहते.

खाली धक्क्यावर ओनोफ्रेनं भोंगा वाजवला.
ओहोटी लागली होती.
ती काही उठली नाही.