सावळी, १ कि.मी.

रस्ता चौपदरी झाला
आणि गावाच्या नावातला ळ गेला.
नकाशाबरोबर इंग्रजीत गेला असेल,
परत आला तो ल होऊन.
हिरव्या फलकावर, चमकणाऱ्या अक्षरांत:
सावली १ कि.मी.

त्याच किलोमीटरात
एकशे बारा कडुनिंब पडले होते.
मी टोलच्या तिसऱ्या खिडकीत.
साताऱ्याकडचा एक ड्रायव्हर वाकून विचारतो,
"सावली कुठंय वो ताई? एक किलोमीटर लिवलंय."
मी पावती देते.

आम्ही तर सावयीच म्हणतो.
पण उकंडराव पेंटरला ते पटेना.
"बोलाचं येगळं, लिवाचं येगळं."
शाळेची भिंत, दूध डेअरी, एसटीचा थांबा,
पस्तीस वर्षं सगळीकडे ळ त्यांच्याच हातचा,
दोन पोटांचा,
फुटायला आलेल्या बोंडासारखा.

आले सर्व्हिस रोडनं,
तीन किलोमीटरचा वळसा घालून,
सायकलला शिडी बांधून.
नेमका तेव्हा स्कॅनर बंद.
सोयाबीनचे ट्रॅक्टर, वऱ्हाडाची बस,
हॉर्नवर हॉर्न.
शिव्या सगळ्या माझ्या खिडकीकडे.
वर कुणी पाहिलं नाही.
त्यांनी ल खरवडला नाही,
वरून हिरवा मारला, वाळू दिला,
मग पांढरा.

आता दिवसा नाव बरोबर आहे.
रात्री गाड्यांचा झोत पडला
की बाकीची अक्षरं पेटतात,
साध्या ऑइलपेंटचा ळ तेवढा
काळा राहतो.

ड्युटी सुटली की मी
त्या काळ्या जागेपाशी
स्कूटी वळवते.