दोन बादल्या

एकोणीसशे डॉलर, रोख.
यूजीन पिलार्स्कीने नोटा बघितल्याच नाहीत,
बोटांनी चाळल्या फक्त, आणि म्हणाला,
"आता तिला आंघोळ कशी घालायची ते शिक."

दोन हजार दोनची ब्युइक,
माझ्या नीरजहून चार महिन्यांनी मोठी.
कागदावर रंग शॅम्पेन,
बघणाऱ्याला चहात बुडवलेलं बिस्कीट.
ईरीच्या वीसेक हिवाळ्यांचं मीठ
चाकांच्या कमानींत घर करून.

मी यादी मागितली.
त्याने विजेच्या बिलाच्या पाकिटामागे लिहिली,
अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढलेली.
पहिलं: दोन बादल्या.
म्हटलं, एक आहे घरी.
"एकीने तू घाणच फिरवशील अंगभर.
एकीत साबण, दुसरीत नुसतं पाणी.
मळलं फडकं आधी पाण्यात पिळायचं,
मगच साबणापाशी जायचं."
देवळाच्या पायरीवर पाय धुतात तसं,
हे मी मनात.

भांड्यांचा साबण नको, मेण उतरतं.
जुने टॉवेल नकोत, चरे पडतात.
आणि खाली पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं गेलं समज,
झटकून, फुंकून चालणार नाही.

डॉलरचं दुकान आता सव्वा डॉलरचं झालंय.
बादल्या, पाच टूथब्रश, मऊ फडक्यांचा गठ्ठा;
वॅक्सचा डबा आणि माती मात्र दुसरीकडून.
सगळे मिळून बेचाळीस डॉलर सत्तर सेंट.
नीरज फोनवर: आई, यंत्राखाली घाल ना, बारा डॉलर.
म्हटलं, ते धुणं नव्हे रे, झोडपणं.

माती म्हणजे निळी वडी, हॉटेलातल्या साबणाएवढी.
"आधी हात प्लास्टिकच्या पिशवीत घाल,
आणि बॉनेटवरून फिरव."
डोळ्यांना तर गुळगुळीत,
आणि पिशवीतून, अगं बाई,
ताटात सांडलेला रवा!
मग साबणाचं पाणी उडवत वडी सरळ रेषेत,
पुढे, मागे. गोल नाही.
ती काळवंडत गेली, मी दुमडत गेले.

"माझ्या नावाचा अर्थ हाच," मी सांगितलं.
"मृण्मयी. मातीची."
बारा वर्षं मी त्याच्यासाठी मिसेस एम.
त्याने वडी हुंगली, माझ्या हातात परत ठेवली.
"मग खाली पडू नकोस. पडलेली माती
फेकून द्यावी लागते."

पुढचे दिवे पिवळे, साय धरलेले.
हजाराचा कागद, मग दोन हजाराचा, मग तीन,
घासावं तसं पांढरं दूध बंपरवर ओघळत होतं.
आणि एकदम आतला बल्ब दिसला,
त्याची बारीक तारसुद्धा.
यूजीन जवळ आला, फार जवळ,
नाक टेकेल इतका.
"माझे दोन्ही असे अकरा डॉलरांत झाले असते तर."

तेव्हा कुठे कळलं,
नोटा बोटांनी का,
अक्षरं अशी का,
गाडी का विकली.
मी दुसरा दिवा घासायला घेतला.

गंज आहे तिथे आहे.
"त्यावर रंग फासू नकोस, नुसतं मीठ धूत जा."
डॅशबोर्डची चीरही आहे,
तिच्यात एक टूथब्रश मोडला.
वॅक्स अजून लावायचं होतं,
कंजुषाघरच्या पोळीवरच्या तुपाइतकं, त्याचा हुकूम असा
(तूप मी घातलं, तो टोस्टवरचं लोणी म्हणाला होता).
पण उतरत्या उन्हात बॉनेटमध्ये
समोरचा मेपल उलटा उभा राहिला
आणि मी कमरेवर हात ठेवून,
जरा जास्तच खूश.

यूजीनने खिशातून पिशवी काढली. हात घातला.
छपरापासून सुरुवात,
सावकाश, पायाखालच्या वाटेने जावं तसा,
डाव्या दाराच्या कडीखाली थांबला.
"इथे."

वाकून पाहिलं. काही नव्हतं.
पिशवी मागून घेतली,
डोळे मिटले, हात फिरवला.
होतं.