उणे सत्तावीस

दुपारी दोनलाच दिवे लावले.
बाहेर कायानीची नदी गोठून गप्प,
आत रेडिएटरची कोरडी धाप,
आणि एकाएकी फरशीवर नख्या: टक् टक् टक् टक्,
मागचा पाय काखेत, कानामागे, पोटाखाली.
कुणी दार ठोठावतंय
आणि दार नाप्पीच्या कातडीतच कुठेतरी आहे.
मग थांबतो. माझ्याकडे बघतो,
मीच काही केलंय असं.

पिसवा नाहीत. बारीक कंगव्याने
केस न् केस पालथा घातला, चष्मा लावून.
शाम्पू बदलला. कोंबडी बंद, रेनडिअर चालू.
तरी चाटून चाटून पंजे तांबूस,
पोटावर चट्टे, लिंगनबेरीच्या जॅमच्या रंगाचे.

डॉक्टर पिह्ला, पोरसवदा, म्हणाली,
घरातलंच काहीतरी. धूळ.
धुळीत किडे असतात, डोळ्यांना न दिसणारे,
माणसाच्या कातडीचा झडलेला कोंडा खाऊन जगतात.
झोपतो कुठे हा?

खुर्चीत, म्हटलं.
कुणाच्या, ते नाही सांगितलं.

तर ताइस्तो, हिशेब असा आहे:
तुला जाऊन चौदा महिने झाले
आणि तू अजून कुणाचं तरी पोट भरतोयस.
कागद गिरणी बंद झाली त्या वर्षी घेतलेली
ती हिरवी खुर्ची, डाव्या हातावर कॉफीचा डाग,
तिच्या शिवणीशिवणीत तुझ्या मानेचा, कोपरांचा कोंडा,
त्यावर नांदतंय एक अख्खं गाव,
आणि त्या गावाचा त्रास
तुझ्याच कुत्र्याला.
गाडीत बसून हसले मी.
काच आतून धुरकटेपर्यंत.

गोळ्या दिल्यात. पडदे उकळत्या पाण्यात धुवायचे.
खुर्ची टाकून द्या, म्हणाली.
जिभेला हाड नसतं.
वर म्हणाली, किडे मेले तरी त्रास देतात.
हे मला नवीन नव्हतं.

आई म्हणायची, कडाक्याची थंडी म्हणजे फुकटची परटीण.
नाताळाआधी सगळे गालिचे अंगणात निघायचे,
बर्फावर पालथे पडायचे.
म्हणून आज, उणे सत्तावीस,
वरच्या मजल्यावरचा एएमेली आला,
कानांवरचे हेडफोन न काढता
खुर्ची जिन्यावरून उतरवून गेला.
एकदा भिंतीला घासली. मी काही बोलले नाही.

वेताच्या झोडपणीने झोडपली.
पाठीला वीस, बैठकीला वीस,
मग मोजणं सुटलं.
एवढा राग माझ्यात होता
हे मलाही ठाऊक नव्हतं.
बर्फावर राखाडी थर पडला, भाकरीएवढा नाही, पण पडला.
वाकून बघितलं.
तुझं असं त्यात काही ओळखू येईना.

नाप्पीला फिरवायला म्हणून खाली आणलं
तर दोरी ओढत सरळ खुर्चीपाशी.
चढला. तीनदा गोल फिरला.
शेपूट नाकावर घेऊन पडून राहिला.
खाजवत नव्हता.

पाच मिनिटं दिली त्याला.
मग सात.
माझ्या पापण्या एकमेकींना चिकटायला लागल्या.
वरून खिडकी उघडून एएमेली ओरडला,
इर्या, खुर्ची परत आणू का,
की कचऱ्याच्या शेडमध्ये?

थांब, म्हटलं.
थांब जरा.