डेड स्टॉक, शाळा क्रमांक चार

नगरपालिकेच्या नऊ शाळा होत्या. सहा उरल्यात.
एप्रिलच्या बावीस तारखेला मी सहाच्या पाच करायला निघाले.
पिशवीत शिक्का, शाईचं पॅड
आणि शिक्षण मंडळाचं पत्र,
ज्यात ‘समायोजन’ तीनदा येतं,
‘बंद’ एकदाही नाही.

सकाळची शाळा. आठ वाजताच पत्रे कडकडायला लागलेले.
तापीवरून वारा निघतो तेव्हा केळीच्या बागांतून येतो,
थोडा ओला असतो,
चार नंबरपर्यंत पोचता पोचता
जिनिंगच्या भिंतीशी त्याचा जीव जातो.

पट अकरा. हजर सात.
सुभान तडवी गुरुजी एकेक वस्तू दाखवत गेले,
मी एकेक खूण करत गेले.
सतरंज्या तीन, त्यातली एक उंदरांची.
तराजू आहे, अर्ध्या किलोचं वजन नाही.
घंटा म्हणून टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा,
टोल्यांनी मधोमध बसलेला.

पान सतरा. अक्षर वळणदार, शाई विटलेली:
‘समुद्र. नग एक. बाटलीबंद. किंमत निरंक.
देणगी: श्रीमती इंदुमती वायकोळे, उपशिक्षिका,
डुमस येथून स्वतः आणला. १९८७.’

मी सहा नंबरची.
आमच्याकडे समुद्र नव्हता.
आमच्याकडे पृथ्वीगोल होता,
त्यावरचा हिंदी महासागर
पोरांच्या बोटांनी झिजून पांढरा पडलेला.

गुरुजी म्हणाले, वायकोळे बाई सांगायच्या,
आपली नदी जिथे जाते तिथून आणलाय.
चौथी पास झालं की प्रत्येकाला एक थेंब,
जिभेवर, रांगेत उभं राहून.
बाई गेल्या, थेंब चालू राहिला.
खिचडी शिजवणाऱ्या सिंधूताईंनी चाखलाय,
स्टँडवरच्या निम्म्या रिक्षावाल्यांनी,
पत्रावर सही करणाऱ्या सभापतींनीसुद्धा.
एका ऑडिटला शेरा आला होता:
साठा दरवर्षी घटतो, कारण द्यावे.
मुख्याध्यापकांनी उत्तर लिहिलं: ‘विद्यार्थी.’

कपाट उघडलं.
औषधाची तपकिरी बाटली, बूच मेणाचं.
आत पाणी नाही.
तळाशी पांढरी पापडी, काचेला पांढऱ्या कडा,
एकाखाली एक, जशी उतरत गेली तशा.

रकाने तीनच: चालू, नादुरुस्त, निर्लेखित.
मी ‘नि’ लिहिला.

तिसरीतली योगिनी कोळी कधीची माझ्या कोपराशी उभी.
तिचा बाप धरणाच्या फुगवट्यात जाळी टाकतो.
‘बाई, मीठ ते शेच ना,’ म्हणाली, ‘पानी टाकी द्या.’

कोणी काही बोलायच्या आत
तिने माठातून पेला भरून आणला.
पाणी तापीचंच, टाकीवरून नळाने आलेलं.
ओतलं. बूच दाबून हलवलं.
दोन्ही हातांनी, बराच वेळ,
ताक घुसळावं तसं.
पापडी सुटली, फिरली, दिसेनाशी झाली.

चाखून बघ, मी म्हटलं.
ती मागे सरली.
‘मी ते तिसरीमाच शे.’

‘नि’ खोडला. खाडाखोडीवर सही लागते, ती केली.
स्थिती: चालू.
रूळ कडुनिंबालाच राहू दिला,
दोन नंबरला विजेची बेल आहे.
तडवी गुरुजींनी कुलूप लावलं आणि किल्ली देताना
किती वर्षं झाली ते सांगायला लागले,
मग म्हणाले, जाऊ द्या, ऊन वाढलं.

रिक्षात बाटली पिशवीतच आडवी झाली.
बूच जुनं. पत्र भिजलं, शिक्क्याची शाई पसरली,
‘समायोजन’ वाचता येईना.
दोन नंबरच्या ऑफिसात टेबलावर रजिस्टर ठेवलं,
ओली पानं एकमेकांना चिकटलेली.
सतरावं काढायचं होतं.
चोवीस वर्षांची सवय,
पान उलटायला बोट जिभेला लावलं.