शेवटची दहा मिनिटं

इन्स्पेक्टर तनेजा मी कधी पाहिला नाही.
दर बुधवारी रात्री नऊ वाजता
मी निपाणीतल्या आमच्या पत्र्यावर असायची,
अँटेनाचा दांडा दोन्ही हातांनी धरून,
आणि खालून अप्पांचा आवाज:
आलं. गेलं. थोडं कोल्हापूरकडं फिरव.
बास, आता हलू नको,
मेलीय ती, गालिच्यावर.

गालिचा मी पाहिला नव्हता.
समोर वखारींचे काळे पत्रे, हवेत खकाणा,
शिंक आली तर खाली दिल्लीतला बंगला हलायचा
आणि अप्पा ओरडायचे.

दिवसा ते वखारीत दिवाणजी,
रात्री कादंबरीकार, दीडशे रुपयाला एक.
कोल्हापूरच्या प्रकाशकाची अट:
ऐंशी पानं, दोन खून,
आणि लोक मालिका विसरायच्या आत
पुस्तक एसटी स्टँडवर लागलं पाहिजे.
वर ठळक अक्षरांत
'दूरदर्शनवर गाजलेली!'
अप्पांचं नाव आत, बाहेर, कुठंच नाही.
चित्र पेंटर इलाहीचं. त्याच्याकडं टीव्ही नव्हता,
म्हणून तनेजाला त्यानं
चिकोडी गाडीच्या कंडक्टरचा चेहरा दिला.
मला तोच तनेजा.

नऊ वीसला केईबी वीज न्यायची.
तनेजा सगळ्यांना एका खोलीत बोलवायचा,
चष्मा पुसायला घ्यायचा,
आणि गेली.
गावभर एकच हाय.

मी शिडीवरून चाचपडत उतरायची.
अप्पा काळ्या काचेपुढं तसेच बसलेले.
कोण असंल गं?
मी विचारायची, कोण कोण होतं खोलीत?
भाचा, माळी, डॉक्टर, भागीदार,
आणि एक बाई, जी फार रडत होती.
मग आम्ही दोघं काळोखात ठरवायचो.
गणिताच्या मास्तरांनी मारलं त्या आठवड्यात
मी डॉक्टरला दिला, कारण तो चष्म्याचा होता.
रडणारी बाई आम्ही दोनदा सोडली.
अकरा वर्षांची मी, फ्रॉकला गंज लागलेला,
पाच जणांना फासावर चढवलं.

अप्पांच्या पुस्तकात दिल्ली फार टिकायची नाही.
तिसऱ्या प्रकरणात तनेजाला भाकरी लागायची,
पाचव्यात मुडदा तंबाखूच्या बोदाखाली सापडायचा,
आणि साक्षीदार बाया
जर्दा चाळता चाळता अर्धं कानडीत सांगायच्या,
अर्धं गिळायच्या.

एकदा कागलहून कंपाउंडर उपळे आला,
पुस्तक दारातच आपटलं.
दिवाणजी, खुनी चुकलाय तुमचा!
आमच्याकडं लाइट होती. भाच्यानं मारलं,
अख्ख्या कागलनं बघितलंय.
अप्पांनी त्याला चहा पाजला.
म्हणाले, कागलात भाच्यानं मारलं असंल.
दूधगंगा ओलांडली की ती केस आमच्याकडं येते.
उपळे हसला नाही,
पण पुढचं पुस्तक घ्यायला आला.
आणि त्याच्या पुढचंही.

आता मुलाच्या मोबाइलवर सगळे भाग आहेत.
तनेजा किडकिडा निघाला, आवाज बारीक.
वीज गेली नाही.
सातव्या भागात चष्मा पुसून त्यानं सांगितलं, भागीदार.
आमचा भागीदार नव्हता, एवढं पक्कं आठवतं.
मी कुणाचं तरी नाव घेतलं होतं,
अप्पा म्हणाले, छे, त्याला कशाला,
मग खूप वेळ हसले,
मग म्हणाले, बरं, त्यालाच.

कुणाला?

सातव्या पुस्तकाची एकच प्रत उरलीय.
शेवटचं पान वाळवीनं नेलं.
प्रकाशक गेला, इलाही गेला, अप्पा तर केव्हाच.
उपळ्याच्या मुलाला फोन लावला,
तो म्हणाला, बाबांनी पुस्तकं रद्दीत घातली, ताई,
काय होतं त्यात?

एक माणूस मोकळा आहे.
खून त्यानं केलेला नव्हता,
वीज गेली म्हणून तो सापडला,
आणि आता सुटला.
स्टँडवर कुणी चुन्याची डबी मागितली
तरी मी हाताकडं बघते.

एकोणऐंशीवं पान असं संपतं:
त्याने खकाण्याचे हात धोतराला पुसले,
तनेजाकडे पाहिले, आणि शांतपणे म्हणाला,