पाय मोकळे

एकतीस वर्षं मी जिन्याच्या पायथ्याशी बसले,
आवलाबारी स्टेशनात, काचेच्या खोक्यात.
समोर एक बटण, एक मायक्रोफोन,
आणि सरकत्या जिन्यावरून ओघळत येणारी तिबिलिसी :
आधी बूट, मग गुडघे, मग पिशव्या.
चेहरा येईपर्यंत मी पुढच्या बुटांकडे वळलेली.

बुटांवरून सगळं कळायचं.
चिखलात कोथिंबिरीची काडी, म्हणजे बाई दिदुबेच्या बाजारातली.
टाच एकाच बाजूने झिजलेली, म्हणजे हा माणूस
कुणाची तरी वाट बघत भिंतीला टेकून उभा राहणारा.
उघडी चप्पल, नखांना रंग :
वर उन्हाळा लागला.

काल त्यांनी केक कापला, घड्याळ दिलं.
आज खिशात तेच जुनं कार्ड,
आणि नातीच्या, सलोमेच्या हातचा कागद :
इथे उतर. इथे बदल. रोपवे चुकवू नकोस.
दारात शेजारचा गुराम म्हणाला, कुठे निघालीस नानुली?
म्हटलं, शहर बघायला.
कोणतं?
हेच.

रोपवेलाही तेच कार्ड चालतं. मला माहीत नव्हतं,
मेट्रोच्या बाईला!
डबा जमिनीवरून सुटला तशी मी दांडा धरला.
खाली मत्क्वारी, दूध कमी पडलेल्या चहासारखी,
खाली पत्र्याची छपरं, वाळत घातलेल्या चादरी,
आणि पुलावरून जाणारी नुसती डोकी.
एकतीस वर्षं पाय बघितले, आज डोकी.
मधलं माणूस बघायचं राहिलंच होतं.

टेकडीवर ॲल्युमिनियमची आई उभी आहे,
एका हातात पाहुण्यासाठी वाडगाभर दारू,
दुसऱ्यात पाहुणा नसलेल्यांसाठी तलवार.
मी मान मोडेस्तोवर बघितलं, पण बूट काही नीट दिसेनात.
एवढी मोठी बाई
आणि स्वतःबद्दल एक अक्षर सांगत नाही.

उतरताना गंधकाच्या न्हाणीघरांवरून आले.
रविवारी आमच्या जिन्यावरून हा वास उतरायचा,
ओल्या केसांचा, उकडलेल्या अंड्यांचा.
मला वाटायचं, मशीनमध्ये काहीतरी बिघडलंय.
दोनदा तक्रारही लिहिली होती.

मग बस चुकली.
म्हणजे मिळाली, पण भलतीच :
सलोमेचा एक आणि सात सारखाच.
चिनार संपले, दुकानं संपली,
नऊ नऊ मजल्यांच्या इमारती आल्या, मग त्याही दमल्या.
सगळे उतरले. एक कुत्रा चढला,
कानाला पिवळा बिल्ला, लस टोचलेला,
रीतसर प्रवासी.

शेवटचा थांबा, मावशी.
उतरून जाऊ कुठे?
मग बसा, दहा मिनिटांत फिरतोच आहे,
म्हणत त्याने राजमा भरलेली रोटी अर्धी मोडून दिली.
मी म्हटलं, बाळ, मीठ कमी आहे.
त्याचा घास थांबला.

तुम्ही… आवलाबारी?
'लाल नाड्या, जिन्यावर बसायचं नाही!'
त्या तुम्हीच ना?
माझ्या बुटांना लाल नाड्या होत्या, सातवीत.
अख्खी शाळा अजून मला तेच म्हणते, लाल नाड्या.
खरं नाव बादरी.

मी सवयीने पेडलकडे बघितलं.
काळे बूट, साधे, नाड्याच नसलेले.
मग गुडघे. मग शर्ट, एक बटण वेगळ्या रंगाचं.
मग, घाई नव्हती म्हणून,
आणखी वर :
कपाळावर टोपीचा वळ, हनुवटीला राजम्याचा कण,
डोळे हसू दाबून धरलेले, सातवीतले.
कुत्रा आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होता,
रोटीसाठी असेल.

परत आले तेव्हा दिवे लागले होते.
घरी जायला मीही उतरले तोच जिना,
पहिल्यांदा दिवसभराच्या पायांनी, डावीकडे रेलून.
तळाच्या काचेत मझिया, नवी मुलगी, मान खाली.
कर्णा खरखरला :
तपकिरी बूट! उजवीकडे उभे राहा!

मी सरकले.
बरोबर बोलली पोरगी.
आवाज मात्र अजून थोडा पोटातून यायला हवा.